घड्याळ पळून राहिलं

'काका, घड्याळ पळून राहिलं ना जी.'

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोनवर हा निरोप आला तेव्हा मी अर्धवट झोपेत होतो. पुण्याच्या माणसाने 'पळून' एवढंच वाचलं की त्याला आधी चोर आठवतो, मग शेजारच्यांची मुलगी. घड्याळ कुठे पळून जाणार? नागपूरची मराठी डोक्यात उतरायला दोन मिनिटं गेली. घड्याळ पळून गेलं नव्हतं, नुसतं पळत होतं. दिवसाला सहा मिनिटं पुढे. त्याखाली दुसरा निरोप होता, 'रिफंड करून द्या.' हा मात्र पहिल्याच वाचनात कळला.

मी उठून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि मोजलं. मी विकलेलं घड्याळ नागपूरच्या त्या मुलाच्या हातात पडून चौसष्ट दिवस झाले होते. चौसष्ट दिवस! एवढ्यात कोथिंबीर पेरून, काढून, विकूनसुद्धा होते. घड्याळ रोज सहा मिनिटं पुढे पळणार आणि तक्रार दोन महिने मागून येणार, हा कुठला हिशोब?

घड्याळ म्हणजे एचएमटी 'जनता'. किल्लीचं, सतरा ज्वेल्सचं, पांढऱ्या डायलवर देवनागरी आकडे असलेलं. १९८४ साली लग्नात सासऱ्यांनी दिलं. पुढची पंधरा वर्षं मी ते घातलं, कारण सासरे दर भेटीत माझ्या तब्येतीआधी त्याची चौकशी करत. 'चालतंय ना?' असं विचारायचे आणि मनगट हातात घेऊन कानाला लावायचे. बघणाऱ्याला वाटावं, जावयाची नाडी बघतायत. ते गेल्यावर घड्याळ कपाटाच्या खणात गेलं आणि तिथे किल्लीवाचून पडून राहिलं.

मग कुणीतरी सांगितलं की याला आता भाव आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ साली बंगळुरात एचएमटीचं घड्याळांचं काम सुरू झालं आणि २०१६ साली सरकारने एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद करायचं ठरवलं. आपल्याकडे वस्तू बनायची थांबली की लोकांना तिची आठवण येते. माणसांचंही तसंच आहे, पण ते असो. हिने परवानगी दिली, एका अटीवर. येतील त्या पैशांचा मिक्सर घ्यायचा.

मी जाहिरात टाकली. गाड्यांच्या जाहिरातीत लिहितात तसं 'एकहाती वापर' असं लिहिलं. घड्याळाच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं. डावा हात.

पहिल्या तासात सात जणांनी 'लास्ट प्राइस?' एवढंच विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. आठवे गृहस्थ सैन्यात होते, निदान त्यांच्या फोटोत तरी होते. त्यांची बदली झाली होती, घड्याळ बघायला वेळ नव्हता, किमतीत घासाघीस करायची नव्हती. 'क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.' मी चौतीस वर्षं बँकेत काढली आहेत. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो, हे मी त्यांना समजावून सांगितलं आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबरही कळवला. त्यांची लगेच आणखी लांब बदली झाली असावी. परत काही बोलले नाहीत.

नववा म्हणजे हा नागपूरचा मुलगा. चोवीस-पंचवीसचा असेल. याला घड्याळाचं खरंखुरं वेड. 'काका, डायल ओरिजिनल ना? रीडायल नाही ना? मुंबई स्पेशल तर नाही ना?' तेव्हा मला कळलं की जुन्या घड्याळांना नवा रंग फासून, हिचे काटे तिला आणि तिची काच हिला लावून जो माल विकतात त्याला या मंडळींत 'मुंबई स्पेशल' म्हणतात. पुणेकर म्हणून मला त्या नावाचा किंचित आनंद झाला, हे कबूल करतो. त्याने आतल्या मशीनचे फोटो मागितले. मी झाकण उघडून आणून काढून पाठवले. चोवीस तास चालवून बघायला सांगितलं. बघितलं. वीस सेकंद पुढे गेलं. 'या वयात चांगलंच आहे,' असं तो म्हणाला. घड्याळाबद्दलच म्हणाला असावा.

चार हजार दोनशेला ठरलं. त्याने पैसे पाठवले, मी विमा उतरवून स्पीड पोस्टाने पार्सल पाठवलं, त्याने 'पोचलं, लय भारी' असं कळवलं. चौथ्या दिवशी मिक्सर घरात आला. म्हणजे मुलगा रिफंड मागत होता ते चार हजार दोनशे रुपये आता ओट्यावर उभे होते आणि त्यात शेंगदाण्याचं कूट होत होतं.

ही बातमी मी चहाच्या वेळी हळूच सांगितली. मला वाटलं, ही म्हणेल, देऊन टाका, कटकट नको. पण चाळीस वर्षं ज्या घड्याळाला 'डबडं' म्हणत आली त्याच्या बाजूने ती ताडकन उभी राहिली. 'माझ्या बाबांनी दिलेल्या वस्तूला नावं ठेवतोय? सांगा त्याला, बाबांनी पारखून घेतलं होतं. आणि मिक्सर मी देणार नाही.'

मग मी कायदा काढला. निवृत्त बँकवाल्याच्या हाती मोकळी दुपार लागली की तो एक तर बाग करतो नाहीतर कायदा वाचतो, आणि आमच्याकडे बाग नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, बघितला. त्याचा सगळा रोख धंदा करणाऱ्यांवर. सासऱ्यांचं एक घड्याळ विकणं हा धंदा होत असेल तर मी तो चाळीस वर्षांत एकदाच केला. मग सापडला वस्तुविक्री कायदा. साल, १९३०! म्हणजे फसला असाल तर १९३० ला फोन करा आणि नुसतेच अडकला असाल तर १९३० चा कायदा वाचा. त्याच्या ४२ व्या कलमात माझं घड्याळ साक्षात होतं. घेणाऱ्याने वाजवी मुदत उलटेपर्यंत नापसंती न कळवता वस्तू ठेवून घेतली, तर त्याने ती स्वीकारली असं धरायचं. मी खूश झालो. वाजवी मुदत म्हणजे किती, ते शोधत शोधत ६३ व्या कलमापर्यंत गेलो. तिथे लिहिलंय की वाजवी मुदत कोणती हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. म्हणजे ज्याची त्याची वस्तू आणि ज्याची त्याची स्थिती. माझी स्थिती अशी की पैसे मिक्सरात गेलेले.

तरी त्या मुलाला मी बँकेच्या भाषेत समजावलं. 'हे बघा, जगात प्रत्येक गोष्टीला मुदत असते. चेकसुद्धा शिळा होतो. पूर्वी सहा महिने चालायचा, एप्रिल २०१२ पासून तीन महिनेच चालतो.'

पलीकडून दोन क्षण शांतता. मग, 'काका, तीन महिने ना? आपले तर दोनच होऊन राहिले.'

चौतीस वर्षांच्या नोकरीत माझं म्हणणं माझ्याच अंगावर इतक्या सफाईने कुणी उलटवलं नव्हतं, अगदी इन्स्पेक्शनवाल्यांनीसुद्धा नाही.

मी पुरावा मागितला. त्याने पाठवला. घड्याळ आणि शेजारी चालू मोबाइल, असा एक तासाचा व्हिडिओ, पंधरा-पंधरा मिनिटांचे चार तुकडे करून. दिवसाला सहा मिनिटं म्हणजे तासाला पंधरा सेकंद, आणि ते पंधरा सेकंद सिद्ध करायला त्याने अख्खा तास शूट केलेला. असा नेक वादी कुठल्या कोर्टाला मिळत नाही. न्यायबुद्धीला स्मरून मीही पूर्ण बघितला. पडद्यावर काहीच घडत नव्हतं. मागे कुठलं तरी गाणं चालू होतं. तिसऱ्या तुकड्यात त्याच्या आईचा आवाज आला, 'अरे, पोहे थंडे होऊन राहिले!' आणि तो काही उठला नाही. तर्री घातलेले पोहे निवतायत आणि हा माझ्या सासऱ्यांच्या घड्याळापाशी बसलाय, हे बघून मला पहिल्यांदा वाईट वाटलं. ही दोनदा डोकावून गेली. 'किती वेळ घड्याळाकडे बघत बसणार?' 'एक तास,' मी म्हणालो. इतकं नेमकं उत्तर मी संसारात क्वचितच दिलं असेल. तासाच्या शेवटी घड्याळ बरोब्बर पंधरा सेकंद पुढे होतं.

त्याच संध्याकाळी मिक्सरचं भांडं बुडातून गळायला लागलं.

मी भांडं पिशवीत घालून दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, 'काका, वॉरंटी मोटरला असते, भांड्याला नाही. आणि दोन महिने झाले की!'

'दोनच महिने झालेत!' मी काउंटरवर हात आपटून म्हणालो. 'वस्तू वापरल्याशिवाय कळणार कशी? पहिल्या दिवशी सगळंच चांगलं चालतं!'

हे सगळं मी आधी कुठेतरी वाचलंय असं वाटलं. मग आठवलं. माझ्याच फोनवर, सकाळीच, थोड्या वेगळ्या मराठीत. विकणाऱ्याचे 'दोन महिने' आणि घेणाऱ्याचे 'दोनच महिने' यांत फक्त एका 'च' चा फरक आहे. ४२ वं कलम लिहिणाऱ्या इंग्रज साहेबाजवळ 'च' नव्हता, म्हणून बिचाऱ्याने 'वाजवी मुदत' लिहून वेळ मारून नेली. दुकानदाराने शेवटी रबर बदलून दिलं आणि निम्मे पैसे घेतले. 'तडजोड,' म्हणाला.

दुकानातून निघालो तो सरळ बुधवार पेठेत गेलो. तिथे एका जिन्याखाली आमचे घड्याळवाले बसतात. दुकान एवढंसं की गिऱ्हाइकाने आत वाकून आपलं मनगट तेवढं पुढे करायचं. मी त्यांना व्हिडिओ लावून दिला. पूर्ण तास नाही, मी काही निर्दय नाही. त्यांनी डोळ्यावरचं भिंग वर केलं, अर्धा मिनिट बघितलं आणि विचारलं, 'गाणं कुठून वाजतंय?'

'म्हणजे?'

'घड्याळ कशाला टेकवलंय ते बघा ना.'

बघितलं. एका काळ्या ठोकळ्याला. मी पूर्ण तासभर तो ठोकळा बघितला होता आणि गाणंही ऐकलं होतं. त्यातून येत असेल हे काही सुचलं नव्हतं.

'स्पीकर आहे. आत चुंबक असतं. रोज रात्री हातातून काढून तिथेच ठेवत असणार. चुंबक लागलंय घड्याळाला.' मग त्यांनी दुसऱ्या एका घड्याळाचं पोट उघडून दाखवलं. आत एक चक्र इकडून तिकडे झोके घेतं, सेकंदाला पाच ठोके, तासाला अठरा हजार. त्याला सांभाळते केसाइतकी बारीक स्प्रिंग, जिलबीसारखी गुंडाळलेली. तिच्यात चुंबक शिरलं की वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड होते आणि चक्र घाईत फिरायला लागतं. 'खराबी काही नाही. डीमॅग्नेटाइज करायचं. एका मिनिटाचं काम. घड्याळाजवळ होकायंत्र धरायला सांगा त्याला. सुई हलली तर हेच.'

मी जिन्याखालूनच नागपूरला फोन लावला. मुलाने मोबाइलवरचं होकायंत्र उघडून घड्याळाजवळ धरलं. 'काका, हलून राहिलं ना जी!' त्याच्या आवाजात कोलंबसाचा आनंद होता. मी म्हणालो, 'आता ते सीताबर्डीला एखाद्या घड्याळजीकडे न्या आणि स्पीकरपासून लांब ठेवा.' घरी येऊन हिला सांगितलं. 'मी म्हटलंच होतं,' ती म्हणाली, 'बाबांनी पारखून घेतलं होतं.'

दुसऱ्या दिवशी फोटो आला. घड्याळ वेळेवर. खाली, 'काका, पन्नास रुपये लागले.'

मी अंगठा दाखवला. म्हणजे चांगल्या अर्थाचा.

'तर ते पन्नास रुपये.'

'अहो, स्पीकर तुमचा, चुंबक तुमचं!'

'पण जाहिरातीत लिहून नव्हतं ना जी, स्पीकरजवळ ठेवू नका म्हणून.'

पन्नास रुपयांवर तीन दिवस गेले. मी तत्त्वाचा प्रश्न केला, त्यानेही केला. मला खात्री आहे की तीन दिवसांत आम्ही दोघांनी मिळून पन्नासपेक्षा जास्त रुपयांचा वेळ फोनवर घालवला असेल. शेवटी ही म्हणाली, 'मिक्सरवाल्याने तुमच्याकडून निम्मेच घेतले ना?' मी मुकाट्याने पंचवीस रुपये पाठवले. सोबत शेरा लिहिला, 'हक्कांना बाधा न येऊ देता, तडजोडीपोटी.' त्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं. प्रकरण मिटलं, असं मी वहीत लिहूनसुद्धा ठेवलं.

काल सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पुन्हा फोन वाजला. 'काका, घड्याळ आता मागं पडून राहिलं. दिवसाला दहा सेकंद.' सोबत व्हिडिओ होता, या वेळी सहा तुकडे.

उत्तर अजून दिलेलं नाही. वाजवी मुदतीत देईन.