दादा, चिंबोरीला मेंदू असतो

रविवारी माहेरी गेले होते. बोटी बंद, बाजारात धड म्हावरं नाही. पण सकाळी दाराशी खाडीच्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आल्या आणि आईने घासाघीस करून सहा घेतल्या. तळहाताएवढ्या, काळपट हिरव्या, डेंगे, म्हणजे नांग्या, सुतळीने आवळलेले. आई मोरीत बसली. फडक्यात धरून आधी मोठे डेंगे पिरगाळायचे, मग बारके पाय, मग अंगठा घालून पाठीचं कवच उचकटायचं. हे सगळं चिंबोरी जिवंत असताना. माझी आठ वर्षांची लेक शेजारी उकिडवी बसून बघत होती. तिने विचारलं, "आजी, तिला दुखत असेल ना गं?"

आईने तिला "जा, बाहेर खेळ" म्हणून पिटाळलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं. पण दादा तिथेच होता आणि दादाच्या हातात फोन होता. "थांब, मी सांगतो," म्हणत त्याने एक फॉरवर्ड शोधला आणि बातम्या दिल्यासारखा खणखणीत आवाजात वाचून दाखवला. पोरीने नीट ऐकून घेतला. दहा मिनिटांनी मी मोरीत डोकावले तर बाईसाहेब परातीतल्या चिंबोरीचा एक बारका पाय उलटा वाकवत होत्या. तो तुटला. "बघ आई, तिला काहीच होत नाही. मामाने वाचलंय."

फॉरवर्ड मी रोज डझनाने सोडून देते. हा सोडणार नाही.

'खेकडे खाणाऱ्यांनो, लाजू नका!' असा मथळा, खाली सात मुद्दे. थोडक्यात असे: खेकड्याला मेंदूच नसतो, म्हणून वेदना नाहीत, हे नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, उकळत्या पाण्यात येतो तो आवाज किंकाळी नसून वाफ असते, खेकडा स्वतःचा डेंगा स्वतः टाकतो, मग दुखतं कुठे, तो जिवंतच शिजवावा लागतो, नाहीतर विष होतं, असल्या भानगडींना कोणताही कायदा लागू नाही, समुद्रात खेकडे आणि शेवंडं (लॉबस्टर) अमाप आहेत, आणि शेवटी, हे सगळं शाकाहाऱ्यांचं कारस्थान. रात्रीपर्यंत हाच मजकूर मला आणखी दोन ग्रुपवर दिसला. (अमावस्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, हेही एकात शेपटासारखं जोडलेलं होतं. त्यावर भांडायला आमच्या गल्लीतली माणसं पुरेशी आहेत.)

आधीच सांगते, मी खाते. चिंबोरीचं कालवण, बारके पाय वाटून गाळलेला तो रस, आतली केशरी लाख, सगळं खाते आणि पुढेही खाणार आहे. त्यामुळे "तुला खायचं नसेल तर नको खाऊस" हे उत्तर तयार ठेवलं असेल तर ते खिशात ठेव, दादा.

आता मेंदू. हे वाक्य तिसऱ्यांबद्दल किंवा कालवांबद्दल असतं तर मी गप्प बसले असते. त्यांच्या अंगात मेंदू म्हणावा असं काही खरंच नसतं. पण चिंबोरीच्या डोळ्यांमागे मेंदू असतो आणि पोटाच्या बाजूला चेतापेशींची आणखी एक मोठी गाठ असते. पायांचा, डेंग्यांचा बराचसा कारभार तिथून चालतो. आपल्या मेंदूसारखा तो दिसत नाही, हे खरं. पण मग माशाचाही दिसत नाही, कावळ्याचाही दिसत नाही.

नॉर्वेची गोष्ट मात्र हवेतून आलेली नाही, तेवढं मान्य करते. २००५ मध्ये ऑस्लोच्या लॉरिट्झ सोमे या प्राध्यापकांनी तिथल्या सरकारी समितीसाठी एक अहवाल लिहिला होता आणि लॉबस्टरला वेदना होण्याची शक्यता कमी, असं त्यात म्हटलं होतं. त्यांनी स्वतः प्रयोग केलेला नव्हता, तोवर छापून आलेलं एकत्र वाचून मत दिलं होतं. "शक्यता कमी" याचं "सिद्ध केलंय" कुठल्या ग्रुपवर झालं ते देव जाणे. आणि गंमत पुढेच आहे. त्याच नॉर्वेने २००९ मध्ये प्राणी कल्याणाचा नवा कायदा केला. त्यात खेकडे, लॉबस्टर, माकूल, ऑक्टोपस सगळे आहेत, मधमाशीसुद्धा आहे. म्हणजे ज्या देशाच्या नावावर हा फॉरवर्ड फिरतोय, त्या देशानेच तो केव्हाच मोडीत काढलाय.

२००५ नंतर प्रयोगही झाले. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात रॉबर्ट एलवूड नावाचे प्राध्यापक वर्षानुवर्षं याच प्रश्नामागे होते. २०१३ मध्ये छापून आलेला त्यांचा एक प्रयोग माझ्या लेकीलाही समजला. किनाऱ्यावरचे ९० खेकडे घेतले. खेकड्याला उजेड नको असतो, तो अंधारी फट शोधतो. म्हणून प्रखर उजेडाच्या टाकीत दोन अंधाऱ्या खोपी ठेवल्या. खेकडा एका खोपीत शिरला की काहींना तिथे विजेचा सौम्य झटका द्यायचा. दुसऱ्यांदा सोडलं तेव्हा बहुतेक जण सवयीने पहिल्याच खोपीत गेले, पुन्हा झटका खाल्ला. तिसऱ्यांदा मात्र झटका खाल्लेल्यांतले बरेच जण वाट बदलून दुसऱ्या खोपीत गेले.

तापल्या तव्याला हात लागला की तो आपोआप मागे येतो, त्याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात, शाळेत शिकलोय आपण. तेवढंच असतं तर खेकडा झटका बसला की बाहेर पळाला असता आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथेच शिरला असता. इथे त्याने लक्षात ठेवलं आणि त्याप्रमाणे घर बदललं. शंखात राहणाऱ्या खेकड्यांवरही त्यांनी असाच प्रयोग केला होता. झटका बसल्यावर नावडत्या शंखातले खेकडे लवकर घर सोडत, आवडत्या शंखातले जास्त सोसत. घर चांगलं असेल तर थोडा त्रास काढायचा, हा हिशेब कोण करतं, दादा? भाड्याच्या घरात आपणही तेच करतो.

या सगळ्याची एकत्र छाननी २०२१ मध्ये झाली. ब्रिटिश सरकारच्या सांगण्यावरून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या जोनाथन बर्च यांच्या गटाने तीनशेहून जास्त शोधनिबंध तपासले. निष्कर्ष असा की खेकडे, लॉबस्टर, कोळंबी यांना आणि माकूल, ऑक्टोपस यांनाही संवेदना आहे असं धरून चालावं. खेकड्यांबाबतचा पुरावा भक्कम आहे. कोळंबीच्या काही जातींबाबत कमी, कारण त्यांच्यावर अभ्यासच कमी झालेत. मग २०२२ मध्ये ब्रिटनच्या कायद्यात हे प्राणी आले. त्या कायद्याने लगेच कोणाचं पातेलं चुलीवरून उतरवलं असं नाही. सरकारी धोरण ठरवताना त्यांचा विचार व्हावा, एवढंच त्यात आहे. पण काय करू नये याची एक यादी त्या अहवालात आहे. जिवंत उकळणं तर आहेच, पण जिवंतपणी तुकडे करणंही त्याच यादीत आहे. मी ते वाचलं आणि मला आमची मोरी दिसली.

म्हणूनच तो डेंग्याचा मुद्दा मला सगळ्यात वाईट वाटतो. खेकडा स्वतः डेंगा टाकतो, हे बरोबर आहे. पाय जिथे अंगाला जोडलेला असतो तिथे तुटण्याची ठरलेली जागा असते. शत्रूने पाय पकडला की खेकडा त्या जागेवरून तो सोडून देतो, जखम लगेच बंद होते आणि पुढच्या काही काती टाकताना नवा पाय येतो. पाल शेपूट टाकते तसंच. पण टाकणं वेगळं आणि उपटणं वेगळं. युरोपात काही ठिकाणी खेकड्याचा डेंगा काढून घेऊन त्याला परत समुद्रात सोडतात. एलवूड यांच्याच गटाने २००७ मध्ये हे तपासलं. ज्यांनी डेंगा स्वतः टाकला त्यांच्यापेक्षा ज्यांचा हाताने उपटला त्यांच्या अंगात ताणाची लक्षणं कितीतरी जास्त दिसली. वर जखमही उघडी.

आणि पाल शेपूट टाकते म्हणून तिला काही वाटत नाही, असं कोणी म्हणत नाही. ती जीव वाचवायला शेपूट टाकते. आईला विचार, जिवंत चिंबोरी उकळत्या पाण्यात टाकली की डेंगे गळून पडतात. ते तिने खुशीने टाकलेले नसतात. पळायला दुसरी वाट उरत नाही म्हणून हातात होतं ते सोडते. आपण ते चिमट्याने उचलून "बघा, स्वतःच दिले" म्हणतो. या एका ओळीमुळे माझ्या पोरीने पाय तोडून पाहिला.

जिवंत शिजवलं नाही तर विष होतं, यात अर्धं खरं आहे आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे. मेलेला खेकडा फार लवकर नासतो. पोटातले पाचक रस मांस सोडवायला लागतात, जंतू वाढतात, म्हणून मेलेली चिंबोरी कोणी शहाणा घेत नाही. कोळीण पाय हलवून दाखवते ते उगाच नाही. पण बाजारात कधीतरी मेलेली आणि तुम्ही आत्ता, पातेलं चुलीवर ठेवून मारलेली, यात काही फरक आहे की नाही? कोंबडीही ताजीच हवी असते. म्हणून ती पिसांसकट जिवंत टोपात घालतो का आपण?

मारायची पद्धत ज्यांना हवी त्यांच्यासाठी सांगते, कारण "मग करायचं काय" हा प्रश्न मला लगेच आला. चिंबोरी अर्धा-पाऊण तास फ्रीजरमध्ये किंवा भरपूर बर्फात ठेवायची, अगदी हलेनाशी होईपर्यंत. आपल्याकडच्या उष्ण पाण्यातल्या खेकड्यांना थंडी लवकर बाधते. थंडीने ती बधिर होते की नुसती गारठून पडते, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे, म्हणून तेवढ्यावर सोडायचं नाही. उलटी करायची, पोटावरची झडप उचलायची. तिच्याखाली जो खळगा दिसतो तिथून दाभण किंवा टोकदार सुरी आरपार घालायची, मग डोळ्यांच्या मधे आणखी एकदा. दोन जागा, कारण चेतापेशींच्या गाठी दोन. दहा सेकंदांचं काम आहे. त्यानंतर डेंगे पिरगाळा, कवच काढा, वाटा, गाळा, काय हवं ते करा. गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून मात्र मारू नका, तेही त्या वाईट पद्धतींच्या यादीत आहे.

वाफेचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. खेकड्याला गळा नाही, आवाज कवचातून सुटणाऱ्या हवेचा असतो. पण तो किंचाळत नाही यावरून दुखत नाही असं निघत नाही. माशालाही गळा नाही.

कायदा नाही म्हणतोस? आपला १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा काढून बघ. 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव जीव, अशी त्यात व्याख्या आहे. पाठीच्या कण्याची अट नाही. अन्नासाठी मारायला सूट आहे, पण विनाकारण वेदना न देता, हे त्याच कलमात लिहिलंय. चिंबोरीसाठी पोलीस घरी येणार नाहीत हे मलाही कळतं. पण "कोणताही कायदा लागू नाही" हे खोटंच. बाहेर तर स्वित्झर्लंडने १ मार्च २०१८ पासून बेशुद्ध न करता लॉबस्टर उकळायला बंदी घातली आहे आणि न्यूझीलंडच्या १९९९ च्या कायद्यात खेकडे आधीपासून आहेत.

अमाप आहेत, यावर एकच: मुंबईच्या समुद्रात वाळूतला चपटा शेवंड टनांनी मिळायचा. ट्रॉलच्या जाळ्यांनी अंडीवाल्या माद्यांसकट इतका उपसला की १९९४ पर्यंत ती मासेमारीच संपली. निर्यातीसाठी शेवंडाच्या वजनाची किमान मर्यादा आली ती २००३ मध्ये. पुढे बोलायला नको.

कारस्थानाबद्दल तर काय लिहू. एलवूड यांना हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो एका आचाऱ्याने, ज्याचं पोट खेकडे आणि लॉबस्टर शिजवण्यावर चालतं.

एवढं सगळं मी त्या ग्रुपवरही टाकलं. दादाने अंगठा दाखवला, वाचलं असेल असं वाटत नाही. आईने वाचलं. बुधवारी तिचा फोन आला. पुन्हा चार चिंबोऱ्या घेतल्या होत्या आणि फ्रीजरमध्ये आइस्क्रीमच्या डब्याशेजारी ठेवल्या होत्या. वेदनेबिदनेवर ती काही बोलली नाही. तिच्या उजव्या अंगठ्यावर डेंग्याने केलेला जुना व्रण आहे, माझ्या जन्माच्याही आधीचा. "पहिल्यांदाच बिनधास्त साफ केल्या गं," म्हणाली. "आणि डेंगे अख्खे राहिले." दाभण खुपसायला मात्र दादाला बसवलं होतं म्हणे, आणि तो एका हाताने डोळे झाकत होता.