‘करंट निम्मा, तर बिल निम्मं’: या मेसेजमधलं एकही गणित घरात लागू करू नका

दादर-परळकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. व्होल्टला अँपिअरने (करंटच्या एककाने) भागलं की रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, गुणलं की वॉट, एवढं शिकवून तो तीन दावे करतो. एक, कुठल्याही उपकरणाचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने (व्होल्ट, करंट, रेझिस्टन्स मोजायच्या छोट्या यंत्राने) मोजा, 230 च्या वर्गाला त्याने भागा, वॉट मिळाले. दोन, स्टॅबिलायझरने व्होल्टेज उतरवा, युनिट कमी पडतील. तीन, सॉकेटमध्ये खोचायचा ‘पॉवर सेव्हर’ डबा करंट निम्मा करतो, म्हणून बिलही निम्मं होतं.

सूत्रांबद्दल वाद नाही. जर्मन शास्त्रज्ञ ओहमने 1827 मध्ये मांडलेला नियम आजही तसाच चालतो. चूक आहे ती सूत्र कुठे लावायचं यात, आणि ती चूक लोकांच्या खिशाला आणि एखाद्याच्या जिवालाही महागात पडू शकते, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिला दावा गिझरपुरता ठीक आहे. 2000 वॉटच्या गिझरचं एलिमेंट मोजलं तर साडेसव्वीस ओहमच्या (हे रेझिस्टन्सचं एकक) आसपास भरतं, आणि 230 च्या वर्गाला, म्हणजे 52900 ला, त्याने भागलं की जवळपास 2000 च येतात. आता 100 वॉटचा जुना पिवळा बल्ब घ्या. बंद असताना त्याची तार सुमारे 40 ओहम दाखवते. मेसेजच्या हिशेबाने तो 1300 वॉटच्या वर गेला! पेटल्यावर ती तार इतकी तापते की रेझिस्टन्स 529 ओहमपर्यंत चढतो. मल्टिमीटर मोजतो थंड तार, वीज खाते तापलेली तार.

फ्रिजमध्ये तर हे सूत्र पार कोलमडतं. कंप्रेसरच्या मोटरचं वाइंडिंग, म्हणजे तारेचं वेटोळं, 15 ओहम दाखवत असेल, तर सूत्राने साडेतीन हजार वॉट निघतात. प्रत्यक्षात घरचा साधा फ्रिज चालताना शे-दीडशे वॉट घेतो. मोटर फिरायला लागली की वाइंडिंगमध्येच उलटं व्होल्टेज तयार होतं आणि ते करंटला अडवतं. मल्टिमीटरला हे दिसणं शक्यच नाही. कंप्रेसर जाम होतो तेव्हा हा अडसर कोसळतो, करंट एकदम उसळतो आणि ओव्हरलोड नावाचा संरक्षक स्विच ट्रिप होतो, म्हणजे वीज तोडतो.

आणि कृपा करून एक लक्षात ठेवा. लोहार चाळीत, मुंबईच्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात, मल्टिमीटर स्वस्तात मिळतो, पण मेसेजमध्ये ‘आधी प्लग काढा’ हे कुठेच लिहिलेलं नाही. चालू लाइनवर रेझिस्टन्स मोजायला जाऊ नका. एसी उघडून तर मुळीच नाही, त्यातला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) प्लग काढल्यावरही चार्ज धरून असतो.

दुसरा दावा. व्होल्टेज 207 वर आणलं की तोच गिझर 1620 वॉट घेतो, हे खरं. पण 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण 0.61 युनिट लागतातच. 2000 वॉटवर ते काम 18 मिनिटांत होतं, 1620 वर साडेबावीस मिनिटं लागतात. युनिट तेवढेच पडले, वर अंघोळीला उशीर. इन्व्हर्टर एसी तर व्होल्टेज उतरलं की जास्त करंट ओढून आपले वॉट पुरे करतो.

तिसरा दावा सगळ्यात फसवा आहे, कारण त्यात डोळ्यांना दिसतं ते खरं असतं. विक्रेता फ्रिजच्या लाइनला टाँग टेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा) लावतो: 1.1 अँपिअर. डबा खोचतो: 0.7. बघणारा 230 ने गुणाकार करतो, 253 चे 161 झाले, आणि पैसे काढतो.

फ्रिज मात्र दोन्ही वेळेला 150 वॉटच खात होता. आपल्याकडची वीज एसी, म्हणजे अल्टरनेटिंग करंट, सतत दिशा बदलणारी आहे. मोटरचा करंट व्होल्टेजच्या थोडा मागे पडतो, त्यामुळे त्यातला काही भाग काम न करता नुसता जातो-येतो. व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की हा भागही मोजला जातो. त्या उत्तराचं एकक व्होल्ट-अँपिअर, वॉट नव्हे. वॉट हवे असतील तर पॉवर फॅक्टरनेही, म्हणजे त्यातला खरं काम करणारा हिस्सा किती त्या आकड्यानेही, गुणावं लागतं. डब्यात असतो मुख्यतः एक कपॅसिटर. तो हा जाणारा-येणारा करंट आपल्याजवळून पुरवतो, म्हणून टाँग टेस्टरचा आकडा उतरतो. पण घरचं मीटर तो भाग पहिल्यापासूनच बिलात धरत नाही. बेस्ट, अदानी, टाटा किंवा मुलुंड-भांडुपकडची महावितरण, घरगुती बिल लागतं ते किलोवॉट-तासांवर, म्हणजेच युनिटवर. कारखान्यांना पॉवर फॅक्टर सुधारून फायदा होतो, कारण त्यांचं बिल वेगळ्या पद्धतीने काढतात. डब्यावरचा एलईडी मात्र दिवसरात्र तुमचीच वीज घेत राहतो.

पटत नसेल तर तारेला हात न लावता तपासा. घरातलं सगळं बंद करून फक्त फ्रिज चालू ठेवा आणि मीटरच्या केबिनमध्ये जा. मीटरवर इम्पल्सचा आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ 3200. म्हणजे तो लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. अशा मीटरवर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि 1125 ला (36 लाख भागिले 3200) त्याने भागा, वॉट मिळाले. साडेसात सेकंद लागले तर 150 वॉट. आता घरात कुणाला तरी डबा खोचायला सांगा, कंप्रेसर चालूच आहे ना ते विचारा, आणि पुन्हा मोजा. साडेसातच सेकंद येतील.