पळस जागेवरच, राज्यं चार

दोन वर्षं झाली, मी एका कॉलेजच्या बॉटनीत जुन्या हर्बेरियम शीट कॉम्प्युटरमधे चढवून राहिलो. ऐकायला काम एकदम सोपं, कागदावर चिकटवलेली वाळकी फांदी असते, कोपऱ्यात लेबल, त्यावर कोणी तोडली, कधी तोडली, कुठे तोडली. कोणी आणि कधी टाइप करायला अर्धं मिनिट. कुठेला अर्धा दिवस आणि डोकेदुखीची एक गोळी.

परवा पळसाच्या चार शीट निघाल्या, चारही सेमिनरी हिलच्या. 1935 ची म्हणते नागपूर, सी.पी. (म्हणजे इंग्रजांच्या काळचं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस), 1952 ची नागपूर, मध्यप्रदेश, 1958 वाली बॉम्बे स्टेट आणि 1963 ची महाराष्ट्र. मला वाटलं मधल्या दोघांनी पेंगत पेंगत लिहिलं असेल, लाल पेन उचललासुद्धा, तर मॅडम ओरडल्या, "अरे बावा, 1956 पर्यंत आपलं नागपूर मध्यप्रदेशची राजधानी होतं ना!" माहीत होतं हो, शाळेत दोन मार्कांना होतं, पण ते असं पळसाच्या फांदीतून अंगावर येईल असं कोणी सांगितलं नव्हतं. तो पळस एक इंच न हलता चार राज्यांत राहून आला, आणि इथे मला एक डोमिसाइल काढायला तीन चकरा लागल्या.

नियम असा की लेबलवर आहे ते जसंच्या तसं एका रकान्यात, आजचं नाव दुसऱ्यात, आणि आपण किती मीटरनी चुकू शकतो तो आकडा तिसऱ्यात. पण सॉफ्टवेअरला कोण सांगणार? मध्यप्रदेश निवडलं की जिल्ह्यांत नागपूरच नाही. नकाशात सी.पी. टाकलं तर तो मला दिल्लीच्या कनॉट प्लेसला घेऊन गेला. अहेरी, जिल्हा चांदा आलं की आधी चांद्याचं चंद्रपूर करा, मग आठवते की 1982 पासून अहेरी गडचिरोलीत आहे, मग परत खोडा. एका शीटवर नागपूरच्या आधीचा शब्द वाळवीने खाल्ला होता, तो 'छोटा' होता हे कळेपर्यंत झारखंडची ती फांदी आम्ही आठ दिवस नागपूरच्या अंबाझरीत मिरवली.

नावांचंही काय घेऊन बसलात म्हणा, चिंचेच्या शास्त्रीय नावात इंडिका आहे आणि ती मूळची आफ्रिकेची.

पण खरा घाम काढला टाकळीने. एका गवताच्या लेबलवर गावाचं नाव नुसतं 'टाकळी', बाकी काही नाही. शिपाईकाकांना विचारलं तर म्हणे, "कोणती पाह्यजे? माही सासुरवाडी टाकळी, मामाचं गाव टाकळी, बहिणीले बी टाकळीतच देलं." आणि तिन्ही वेगळ्या! मीटरच्या रकान्यात मी अख्खा विदर्भ टाकायच्या बेतात होतो. शेवटी त्याच माणसाने त्याच तारखेला अजून काय तोडलं ते शोधलं, चार कपाटं उपसली, शिंकून शिंकून नाक लाल, तेव्हा एक शीट मिळाली, 'तेलिनखेरी टँक'. म्हणजे तेलंगखेडी, म्हणजे आपला नागपूरचा फुटाळा तलाव! सकाळी फुटाळ्यावर असलेला माणूस त्या काळी दुपारी कुठवर जाणार, तर काटोल रोडकडची टाकळी, हिस्लॉप कॉलेजवाल्या हिस्लॉपसाहेबांना 1850 च्या दशकात फॉसिल सापडले होते तीच. आता तिथे फ्लॅट स्कीम. गवताची ती जात पार्किंगमधे पिन करून टाकली.

मागच्या रविवारी मी स्वतः सेमिनरी हिलवर गेलो, पळसाचीच फांदी घेतली, मोबाइलची बॅटरी मेलेली म्हणून जीपीएस नाही, लेबलवर लिहिलं 'चहाटपरीच्या मागे' आणि मोकळा झालो. सोमवारी मॅडमनी लेबल वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कोणती टपरी?"

"तीच ना मॅडम, तर्रीपोहेवाल्याच्या बाजूची."