एका दाण्याने काय होते?

मिसळीच्या तर्रीवरून दोन शहाणी माणसे तासभर वाद घालू शकतात अशा आपल्या नाशकात, एखाद्या मुलाला ॲलर्जीमुळे शेंगदाणा चालत नाही ही गोष्ट शाळेने मनावर घेतली तर उद्या चिवड्याचे भवितव्य काय, याचा जबाबदार वर्गशिक्षक म्हणून आपण आधी विचार केला पाहिजे. त्यामुळे जूनमध्ये एखादी आई डॉक्टरांचा कागद घेऊन वर्गाच्या दारात उभी राहिली, की प्रथम प्रेमाने हसावे आणि ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ असे सांगावे. आपल्या वेळी अंगावर गांधी उठल्या की आमसुलाचे पाणी चोळत असत, आणि ज्यांचे त्याने भागले नाही ती मुले आज आपल्याशी वाद घालायला येत नाहीत, ही मोठीच सोय आहे.

कागद मात्र आदराने घ्यावा आणि आधार कार्डाच्या झेरॉक्सला टाचून कार्यालयातल्या फाइलमध्ये ठेवावा. ओठ सुजले, आवाज बसला, खोकला थांबेना, श्वासाला शीळ येऊ लागली तर मांडीच्या बाहेरच्या बाजूस ॲड्रेनलिनचे इंजेक्शन ताबडतोब द्यावे आणि मग 108 ला फोन करावा, असे काहीसे त्यावर लिहिलेले असते. ते वाचून उगाच मनाला घोर लावून घेऊ नये. सोबत दिलेले इंजेक्शन मौल्यवान वस्तू असल्यामुळे मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद असावे आणि किल्ली शिपाईमामांकडे असावी, जे दुपारी बँकेत गेलेले असतात.

आपल्या कर्तृत्वाला खरा वाव मिळतो तो आषाढीला. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून पंढरीला पोहोचलेली असते, आपल्या मैदानावर नऊवारीतल्या चिमुकल्या रखुमाया फेर धरत असतात, आणि व्हरांड्यात दोन पातेली मांडलेली असतात: एकात कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी आणि दुसऱ्यात, त्या एका मुलासाठी आईने मुद्दाम सांगितलेले साधे वरीचे तांदूळ. इथवर सगळे चोख असते. मग वाढणाऱ्या ताई खिचडीत बुडवलेला डाव, काठाला चिकटलेल्या कुटासह, अलगद वरीच्या तांदळात घालतात. या क्षणी ‘वेगळे केले होते हो’ असे म्हणण्याचा पूर्ण अधिकार आपल्याला प्राप्त होतो. दाणे भाजून कुटले म्हणून त्यातले प्रथिन नाहीसे होत नाही, हे डॉक्टरांनी ठाऊक ठेवावे. आपण एकादशी करावी.

चिवडा असेल तर आणखी सोपे. दाणे एकेक वेचून वहीच्या कागदावर काढावेत, आणि त्याच हातांनी उरलेला चिवडा मुलाच्या डब्यात घालावा. कोणी हात धुण्याचा आग्रह धरलाच, तर नळापर्यंत रांग नेण्याऐवजी सॅनिटायझरचे दोन थेंब द्यावेत. त्याने जंतू मरतात. शेंगदाण्याचे प्रथिन जंतू नसल्यामुळे हातावर तसेच राहते, पण साबण तरी कोणाकोणाला पुरवायचा? ‘थोडे थोडे खाल्ले की सवय होते’ हा उपायही आपल्याला अवगत असतोच; तज्ज्ञ डॉक्टर जे रुग्णालयाच्या देखरेखीखाली मिलिग्रॅममध्ये मोजून करतात, ते आपण मधल्या सुट्टीत चिमटीने उरकतो.

वाढदिवसाच्या चॉकलेटांबाबत काळजीच नको. 2020 च्या लेबलविषयक नियमांनुसार शेंगदाणे, दूध, अंडी, सोया वगैरे घटकांची सूचना वेष्टनावर द्यावी लागते खरी, परंतु ती अक्षरे बारीक असतात आणि आपला चष्मा घरी असतो.

एवढे करूनही मुलाच्या अंगावर गांधी उठल्या, ते घसा खाजवू लागले आणि उलटी झाली, तर अंगावरच्या पित्ताची, म्हणजे ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहावी. गोळीने खाज कमी होते. घसा आवळत असेल किंवा रक्तदाब उतरत असेल तर तिचा उपयोग नसतो, पण काहीतरी केल्याचे समाधान मिळते. मुलाला पाय उंच करून आडवे ठेवायचे असते, म्हणून त्याला चालवत दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षककक्षात न्यावे. तिथून आईला फोन करावा आणि ती येईपर्यंत थांबावे; ती सिडकोतून निघून द्वारका चौकाच्या गर्दीत अडकली असेल, तर तेवढ्यात हजेरीपट पूर्ण करता येतो.

मूल सुखरूप परतलेच, तर दुसऱ्या दिवसापासून त्याला चपलांच्या रॅकशेजारी एकट्याने डबा खायला बसवावे. बाकीची मुले गंमत म्हणून त्याच्या बाकावर एखादा दाणा टाकतील; मुलेच ती.

मार्चमध्ये ती फाइल माळ्यावर जाते. जूनमध्ये मूल वरच्या वर्गात बसते, तिथल्या नव्या बाई पहिल्याच दिवशी सगळ्यांना चिक्की वाटतात आणि हात मागे घेणाऱ्या त्या मुलाला हसून म्हणतात, “अरे, घे की. एका तुकड्याने काय होतंय?”