हौसेला मोल नाही, दस्ता आहे

रायफल विकत घ्यायची, रोज सराव करायचा आणि नेम शिकायचा, हा सरळ माणसाचा रस्ता झाला. तो तुमचा नाही. तुमचं वय बेचाळीस, पोट वयाच्या थोडं पुढे, आणि २०२४ च्या ऑगस्टात कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत ब्राँझ घेतल्यापासून आपल्याही खांद्यात काहीतरी आहे असं तुम्हाला वाटू लागलंय. कुसाळे रेल्वेत तिकीट तपासायचा. तुम्ही भुसावळ-जळगाव रोज तिकीट दाखवत अपडाउन करता. म्हणजे निम्मी पात्रता झालीच.

तेव्हा भो, रायफल नुसती विकत आणू नका. बनवा.

'बनवा' म्हणजे नळीबिळी नाही हं. आपल्या भागात बंदूक बनवतो म्हटलं की लोकांना चोपड्याच्या वरचा सातपुडा आठवतो, आणि पोलिसांना त्यांच्याही आधी आठवतो. आपली हवेची रायफल, ०.१७७ इंच नळीची, जोर २० ज्यूलच्या आतला, म्हणून तिला परवाना लागत नाही. एखादा भाचा येऊन म्हणेल, "मामा, आतून जरा सेटिंग करू, डबल पावर येईल." त्याला चहा पाजून घरी पाठवा. २० ज्यूलच्या वर गेलात की छंद संपतो आणि १९५९ चा शस्त्र कायदा सुरू होतो. आपण दस्त्यापुरतं, म्हणजे रायफल धरायच्या नि खांद्याला लावायच्या भागापुरतं राहायचं. दस्त्यात माणसाचं अख्खं आयुष्य जाऊ शकतं, काळजी करू नका.

जर्मनीची तयार रायफल दोन-तीन लाखांना पडते. तिचा दस्ता अॅल्युमिनियमचा, गालाची पट्टी वरखाली होणारी, खांद्याचा तुकडा मागेपुढे होणारा. इतकी सोय असली की करायला काही उरत नाही. त्यामुळे साधी जुनी रायफल घ्या, तिचा चांगला चाललेला दस्ता काढून माळ्यावर टाका आणि लाकूड शोधायला निघा. जगात यासाठी अक्रोडाचं लाकूड वापरतात. तुम्ही सागाचं वापरा. का, असं कोणी विचारलं तर "आपल्या मातीचं" म्हणा. पुढे कोणी विचारत नाही.

साग नवा घेऊ नका. ओलं लाकूड इंचाला वर्षभर वाळवावं लागतं, आणि तुम्हाला या दिवाळीला रायफल दाखवायची आहे. गावाकडे एखादं धाब्याचं घर पाडत असतील तिथे जा. सत्तर-ऐंशी वर्षं चुलीच्या धुरात वाळलेली तुळई मिळते, तीही सरपणाच्या भावात. तिच्यात चार खिळे लपलेले असतात. ते मिस्तरींच्या रंध्याला सापडतात, आणि मग मिस्तरी तुम्हाला.

मिस्तरी जन्मभर चौकटी आणि पाळणे करत आलेले. त्यांना दस्त्याचा नकाशा दाखवा. ते बराच वेळ बघतील आणि विचारतील, "साहेब, हे उभं ठेवायचं का आडवं?" सागात बारीक वाळू असते, त्यामुळे दर अर्ध्या तासाला पटाशी घासायला लागते. घासायच्या वेळेचा हिशेब मजुरीत धरलेला असतो. सागात तेलही असतं, म्हणून त्याला वाळवी लागत नाही आणि म्हणूनच त्याच्यावर अॅराल्डाइट धरत नाही. चिकटवायच्या आधी थिनरने पुसून तेल काढायचं असतं, ही गोष्ट जगात सगळ्यांना माहीत आहे. तुम्हाला मात्र ती गालाची पट्टी गालासकट निसटल्यावर कळू द्या. त्याशिवाय प्रोजेक्ट आपला वाटत नाही.

मग जवसाचं तेल. जुनी रीत अशी की आठवडाभर रोज हात मारायचा, मग महिनाभर आठवड्याला एकदा, मग वर्षभर महिन्याला एकदा आणि पुढे वर्षाला एकदा, आपण जाईपर्यंत. तेल उकळलेलं लागतं. तुम्ही घाण्यावरचं कच्चं आणा. ते लवकर वाळत नाही, दस्ता महिनाभर चिकट राहतो, आणि कोणी "झाली का रायफल?" म्हटलं की "फिनिशिंग चालू आहे" असं खरं उत्तर देता येतं. घरातून आवाज येईल, "अहो, चटणीपुरतं तरी ठेवा." ऐकू आलं नाही असं करा.

आता वजन. स्पर्धेत रायफल साडेपाच किलोच्या वर चालत नाही. तुमची किराणा दुकानाच्या काट्यावर सहा किलो शंभर भरेल. हताश होऊ नका, दस्ता कोरायला घेऊ नका. ती कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या काट्यावर ठेवा. शेतकऱ्याचा माल जोखून जोखून त्या काट्याला एक सवय लागलेली असते. पाच किलो तीनशे. बसली नियमात.

छर्ऱ्यांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. एक छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. डब्यांवर ४.४९, ४.५०, ४.५१ अशी छर्ऱ्याच्या डोक्याची मापं असतात, म्हणजे फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. तुमचा हात नेम धरताना बोटभर हलतो ही गोष्ट वेगळी, तिचा इथे संबंध नाही. पाचशे छर्रे घेऊन, एकेक जोखायला, थेट सराफ बाजारात जा. जळगावच्या सराफाचा काटा मिलिग्रॅम दाखवतो. ओळखीचे शेठ असतील तर दुपारी गिऱ्हाईक नसताना बसू देतील. चाळीस छर्रे होईपर्यंत ते शांत असतात. नंतर विचारतात, "भाऊ, हे शिसंच आहे ना? मोडीत द्यायचं का?"

हवा भरणं त्यामानाने सोपं. रायफलच्या सिलिंडरला २०० बार दाब लागतो, पंक्चरवाल्याच्या पीएसआयच्या मापात २९००. त्याच्याकडे गेलात तर तो विचारेल, तीस भरू का पस्तीस? तुम्ही २९०० सांगा. तो मालकाला बोलावेल. मग हातपंप मागवा आणि मे महिन्यात, चव्वेचाळीस अंशांत, गच्चीवर भरा. तेवढाच व्यायाम.

हे सगळं झाल्यावर रायफल शेतावर नेऊन आबांना दाखवायची असते. केळीच्या बागेत रानडुकरं शिरताहेत आणि मुलगा वर्षभर बंदूक करतोय, म्हणून म्हातारा मोठ्या आशेवर असतो. ते हातात घेतील, वजनाने वाकतील आणि विचारतील, "यानाघाई डुकर मरी का?" तुम्ही सांगा की नाही, परवानगीशिवाय जंगली जनावर मारायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, आणि तसंही हा छर्रा डुकराला कळणारसुद्धा नाही. ही दहा मीटरवरच्या कागदासाठी आहे, आणि त्यावरचा दहाचा ठिपका खसखशीहून लहान, अर्ध्या मिलिमीटरचा. आबा कागद बघतील, तुमच्याकडे बघतील. "मंग ती काय कामनी?" याला उत्तर नाही. भरीत-भाकरी खाऊन गपचूप परत या.

राहता राहिला प्रश्न गोळी झाडण्याचा. तो शक्यतो येऊ देऊ नका. ओट्यापासून माजघरातून मोरीपर्यंत टेपने मोजा, नऊ मीटर चाळीस भरतं. साठ सेंटिमीटर कमी पडतात, त्यासाठी मोरीची भिंत पाडावी लागेल, आणि भिंत दिवाळीनंतर, मग लग्नसराईनंतर, मग कानबाईच्या सणानंतर. नियमात न बसणाऱ्या अंतरावर सराव करून हात बिघडवायचा नसतो. तोवर चापाचं वजन, म्हणजे तो दाबायला लागणारा जोर, कमी-जास्त करत बसा. चाप हे पुस्तकातलं, आपण त्याला घोडाच म्हणतो. दुपारच्या सामसुमीत रिकामा घोडा दाबून 'टक्' ऐकणं, यासारखं सुख नाही. त्या 'टक्'ला कधी आठ पडत नाही, नऊ पडत नाही. दहाच.

एक धोका सांगून ठेवतो. दत्तजयंतीला घरचे सारंगखेड्याच्या यात्रेला ओढून नेतील. जा, पण फुगे फोडायच्या दुकानापासून लांब राहा. नाही राहिलात तर काय होतं ते माझ्याकडून ऐका. मुलगी हट्टाने बंदूक घेते. दस्त्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, नळीवरची नेमाची माशी वाकडी. दुकानदार नुसता म्हणतो, "बेटा, थोडं उजवीकडे धर, ती डावीकडे ओढते." पोरगी दहातले सात फोडते. मग सगळं घर तुमच्याकडे बघतं. तुम्ही दोन फोडता, त्यातला एक शेजारच्या गिऱ्हाइकाचा.

अशा वेळी शास्त्राचा आधार घ्यायचा. मी बंदूक उलटीपालटी करून बघितली, गाल लावून बघितला आणि घसा साफ करून दुकानदाराला विचारलं, "घोड्याचं वजन किती ठेवलंय?"

त्याने मान वर न करता पलीकडच्या मैदानाकडे हात केला.

"घोडेबाजार तिकडे, साहेब. इथे फक्त फुगे."