सीडीवर स्टिकरच लावा म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

आपल्या फोटो-व्हिडिओवाल्यांच्या ग्रुपमध्ये तो मेसेज पुन्हा फिरून राहिला. सीडी-डीव्हीडीवर कागदी स्टिकरच लावा, त्यानं वरून संरक्षण मिळतं, डायरेक्ट प्रिंट केलं तर शाई आत झिरपून डेटा खाते, स्टिकर खराब झाला तर काढून दुसरा लावता येतो आणि वरून स्वस्त पडतो, असं त्यात लिहिलं आहे. मी नागपुरात लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करतो, सुरुवातीची कितीतरी वर्षं गिऱ्हाइकाला स्टिकरवाल्याच डीव्हीडी दिल्या, म्हणून हे वाचून गप्प बसवत नाही.

पहिले संरक्षणाचं घ्या. डेटा खालच्या चमकत्या बाजूला असतो असं बहुतेकांना वाटतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. सीडीत लेझर खालून निघतो, १.२ मिमी जाड पॉलिकार्बोनेटमधून वर जातो आणि डेटा वाचतो तो पार वरच्या, म्हणजे लेबलच्या बाजूला. त्या डेटावर लॅकरचा एक पातळ पापुद्रा असतो, बस. स्टिकरचा गोंद जाऊन बसतो तो नेमका त्याच पापुद्र्यावर. ओरखड्यापासून थोडा आडोसा मिळतो हे मान्य, पण त्याच्या बदल्यात तुम्ही वर्षानुवर्षं गोंद आणि कागद डेटाच्या उरावर बसवून ठेवता.

आणि कागद काही स्वस्थ बसत नाही भाऊ. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, घरात दिवसभर कूलरची ओली हवा, मग लगेच पावसाळा. कागद ओल पिऊन फुगतो, सुकला की आकसतो, खालचं प्लास्टिक तसं करत नाही, मग कुठं फुगा येतो, कुठं कडा सुटते नाहीतर अख्खी डिस्क किंचित वाकते. डीव्हीडीत डेटा ०.६ मिमीच्या दोन थरांच्या मधात असतो, तिथं गोंद पोचत नाही, पण वाकण्यातून ती काही सुटत नाही, आणि सीडीपेक्षा तिच्यातल्या डेटाच्या खुणा बारीक असल्यामुळं थोडंही वाकणं तिला जास्त जड जातं.

माझ्याकडे एक ताई लग्नाची डीव्हीडी घेऊन आल्या होत्या, लोखंडी अलमारीत नीट ठेवलेली, एक ओरखडा नाही. हळद चालली, वरात चालली, जेवणाच्या पंगती चालल्या आणि पाठवणीला चित्र अडकलं. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, म्हणून शेवटचा भाग बाहेरच्या कडेला असतो आणि वाकलेली डिस्क सगळ्यात जास्त डुलते तीसुद्धा कडेलाच. त्या पाठवणीत त्यांचे वडील होते, ते आता नाहीत. स्टिकर मीच लावला होता, तोही जरासा तिरपा, मधातून सरकलेला. १६ एक्स वेगाला डीव्हीडी मिनिटाला १० हजारांच्या आसपास फेरे मारते, त्यात एका बाजूला वजन जास्त झालं की डिस्क थरथरते आणि ड्राइव्हला वाचणं अवघड होऊन बसतं.

आता शाई. हा मुद्दा साफ चुकीचा आहे. प्रिंटेबल डिस्कवर लॅकरच्या वर शाई धरून ठेवणारा वेगळा पांढरा थर दिलेला असतो, शाई त्यातच राहते, आणि लेझर खालून येत असल्यामुळं वर काय छापलं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. हो, साध्या प्रिंटेबल डिस्कवर ओला हात लागला तर रंग पसरतो, हे खरं आहे, पण त्यात चित्र खराब होतं, डेटा नाही. आधी डेटा बर्न करा, म्हणजे डिस्कवर लिहून घ्या, मग प्रिंट करा, म्हणजे बर्न करताना बोटांचे डाग आणि धूळ आडवी येत नाही, आणि छापल्यावर एक दिवस सुकू द्या. साध्या, प्रिंटेबल नसलेल्या सीडीवर मात्र हा प्रयोग करू नका, शाई सुकतच नाही.

मेसेजमधली सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे स्टिकर काढून दुसरा लावा ही. सीडीवरचा स्टिकर ओढला की त्याच्यासोबत लॅकर आणि त्याखालचा डेटावाला चमकता थरही उपटून येऊ शकतो, मग डेटा त्या कागदालाच चिकटून गेला समजा, तो कोणीच परत आणत नाही. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेनं २००३ मध्ये सीडी-डीव्हीडी जपण्यावर पुस्तिका काढली होती, त्यातही चिकटणारी लेबलं लावू नका असंच सांगितलं आहे.

राहिला खर्च. प्रिंटेबल डिस्क थोडी महाग मिळते, खरं आहे. पण प्रिंटर विकत घ्यायची गरज नाही, आधारचे पीव्हीसी कार्ड छापणाऱ्या पुष्कळ दुकानांत एप्सन एल८०५ असतो, त्याला डिस्कचा ट्रे बसतो, फक्त विचारून पाहा. आणि तेही नको असेल तर पाण्याच्या शाईचा मऊ टोकाचा मार्कर घ्या आणि मधल्या पारदर्शक रिंगवर नाव-तारीख लिहा. बॉलपेन नको, त्याचं टोक सीडीच्या त्याच पापुद्र्यावर दाबलं जातं.

ज्यांच्या घरी स्टिकरवाल्या डिस्क आहेत, लग्नाच्या असोत की धंतोलीतल्या एखाद्या सेंटरवरून आणलेल्या सीटी स्कॅनच्या, त्यांनी या आठवड्यात कॉपी काढून घ्या. ट्रेवाला ड्राइव्ह वापरा, गाडीच्या प्लेअरमध्ये घालू नका, आत स्टिकरची कडा अडकली तर डिस्क बाहेर येत नाही. घरी ड्राइव्ह नसेल तर माझ्याकडे आणा, मी कॉपी काढून देतो, फक्त येताना स्टिकरला हात लावू नका.