चाबकाशिवाय बैल पळत नाही? मग पोस्टरवर ‘विना लाठीकाठी’ कशाला छापता?

यात्रांचा हंगाम आला की एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरायला लागतो. सार असं: परदेशात घोडागाडीच्या शर्यतीत खुशाल चाबूक चालतो, डोळा फक्त आमच्या बैलांवर, बैलाची कातडी जाड, त्याला काही लागत नाही, काठी नसली तर जोडी आवरत नाही, आणि तसाही हा काठी-चाबूकबंदीचा नियम पाळून घेणं कुणाच्या बापाला जमणार नाही. मी बैलगाडा शर्यतीच्या विरोधातला नाही. लहानपणापासून मैदानं पाहत आलोय, म्हणूनच लिहितो.

आधी परदेश. दोन चाकांच्या हलक्या गाडीतून घोडा हाकायच्या शर्यती ऑस्ट्रेलियात जोरात चालतात. तिथल्या शिखर संस्थेने डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर केलं, १ सप्टेंबर २०१७ पासून चाबूक बंद. पुढे माघार घेतली, इथवर मेसेज खरा. पण मग नियम काय आला? दोन्ही हातांत एकेक लगाम धरलेला हवा, चाबकाचं टोक पुढे हवं, नुसता झटका द्यायचा, खांदा वापरायचा नाही. याला ‘खुशाल’ म्हणत नाहीत.

कातडीचं म्हणाल, तर गोठ्यात जाऊन पाहा. बैलाच्या पाठीवर साधी माशी बसली तरी तेवढ्याच जागेची कातडी तो थरथरवतो. माशी कळते आणि काठीच्या टोकाचा खिळा कळत नाही? (घोड्यांच्या कातडीचा माणसाच्या कातडीशी ताडून अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही.)

जोडी आवरते वेसण आणि कासऱ्यावर. काठीने बैल बिचकतो आणि चाकोरी सोडून शेजारच्या छकड्यावर जातो, हे कुठलाही जुना ड्रायव्हर सांगेल. ब्रिटनमध्ये स्वारीच्या घोड्यांच्या १२६ शर्यती तपासल्या होत्या, काहींत चाबूक मारायला परवानगी, काहींत मनाई. घोडा आवरण्यात, एकमेकांना आडवं जाण्यात किंवा वेळेत फरक दिसला नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘पाळून घेणं जमणार नाही’. इथे मेसेज साफ उलटा बोलतो. किती जोरात मारलं, कितव्यांदा मारलं, हे ठरवायला पंचाला डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. ब्रिटनमध्ये फटके मोजतात. २०२३ पासून मर्यादेपेक्षा चार फटके जास्त झाले की घोडाच बाद. आपल्याकडे मोजायची भानगडच नाही. २०१७ च्या राज्य नियमांत काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका देणारी बॅटरी, सगळंच बंद. शेपटी पिरगाळणं आणि चावणंसुद्धा. हात रिकामा आहे की नाही एवढंच बघायचं. याहून सोपा नियम कुठला?

बरं, धाक नाही असंही नाही. १९६० च्या केंद्रीय कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड होता १० ते ५० रुपये. आज पन्नास रुपयांत मैदानावर दोघांचा वडापावही धड होत नाही. राज्याने दुरुस्ती करून शर्यतीपुरता तो पाच लाखांपर्यंत नेला, नाहीतर तीन वर्षांपर्यंत कैद. चित्रीकरण बंधनकारक, आयोजकाची अनामत जिल्हाधिकाऱ्यांकडे. राज्याच्या याच कायद्याच्या जोरावर १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. म्हणजे ज्या नियमाला मेसेजवाले शिव्या देतात, त्याच नियमावर त्यांची शर्यत उभी आहे.

माझ्या मते खटल्याआधी एक गोष्ट गावातच करता येते. काठी दिसली की गाडी त्या गटातून बाद, बक्षीस नाही. दंड मालक भरतोही. फायनल हुकलेली मात्र वर्षभर टोचते.

गेल्या हंगामात एका मैदानावर दोरीला खेटून उभा होतो. झेंडा पडला आणि मधल्या चाकोरीतल्या ड्रायव्हरने बाहीतून हातभर काठी काढली. टोकाला खिळा. रेघेच्या दहा-बारा हात अलीकडे त्याने ती बाजूच्या उसात भिरकावली. निवेदकाने पाहिली, पंचाने पाहिली, आम्ही पाहिली. निकालाच्या कॅमेऱ्यात बैलाच्या नाकाचा फरक मोजायला मात्र सगळे पाच मिनिटं वाकून बसले होते. मग त्याच ड्रायव्हरला फेटा बांधला. पाठीमागे ‘विना लाठीकाठी’चा बॅनर फडफडत होता.